विरघळणाऱ्या गाठी

या, जरा जवळ सरकून बसा. अंगावर काटा आणणारी एक हकिगत सांगायची आहे. शेवटी मात्र डोळे ओले होतील, ते पुसू नका.

"गाठी विरघळताहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि मला भीती वाटतेय."

वहिनींनी विणकाम खाली ठेवलं. किचकट प्रकरणांचा छडा लावावा तर त्यांनीच. सोबतीला धाकटे दीर, भावजी. प्रश्न विचारायला सगळ्यांच्या पुढे, उत्तर समजायला सगळ्यांच्या मागे.

"गाठी गेल्या तर चांगलंच की!" भावजी म्हणाले.

"ज्यांना औषध दिलंच नाही, त्यांच्याही जाताहेत."

बाईंचा कुत्र्यांचा दवाखाना होता. जंतांवरची साधी गोळी कातडीवरच्या कर्करोगाच्या गाठी जिरवते का, याची तिथे पारख चालली होती. त्यासाठी कुत्री तिथेच मुक्कामाला होती. कल्पना तिथल्याच थोरल्या डॉक्टरांची. ते नुकतेच वारले. अर्ध्या कुत्र्यांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ, बिनऔषधाची. कोणाला कोणती, हे फक्त कंपाउंडरला ठाऊक. काल त्याने ते उघड केलं.

"एकीचीच गाठ जशीच्या तशी आहे. अंध मास्तरांच्या कुत्रीची. तिच्या भरवशावर ते रस्ता ओलांडतात. उद्या गाठ कापायची, की इतरांसारखी जिरेल म्हणून थांबायचं? थांबले आणि आत पसरली तर?" बाईंचा आवाज खाली आला. "चौकीदार म्हणतो, थोरले डॉक्टर परत येतात."

भावजींनी खुर्ची वहिनींच्या जवळ ओढली.

दवाखान्यात भरदुपारीही ओलसर गारवा होता. मुताचा उग्र वास येत होता.

"भरलेली पाणभांडी सकाळी कोरडी ठणठणीत," चौकीदार कुजबुजला. "उजाडायच्या आधी सगळी कुत्री एकदम उठतात आणि मागच्या दाराकडे बघत धापा टाकतात. दारात कोणी नसतं."

गजांतून एक नाक बाहेर आलं आणि रिकामी थाळी चाटू लागलं. भिंतीवर थोरल्या डॉक्टरांचा शेवटच्या आजारातला फोटो होता. चेहरा वाटोळा, फुगलेला. कोणी आतून हवा भरावी तसा. भावजींनी पटकन नजर वळवली.

मास्तरांची कुत्री शांत होती. तिचं पाणी जवळजवळ तसंच होतं. भावजींनी बिस्किट पुढे केलं, तिने मान फिरवली.

"परक्या हातून घ्यायचं नाही, ही मास्तरांची शिस्त," बाई म्हणाल्या. "जेवण आणि गोळी तेवढी भांड्यातून खाते."

जेवणाचं विचारताच कुत्र्यांचा स्वयंपाकी तडकला. "सगळ्यांना एकाच पातेल्यातलं वाढतो! त्यात काही असतं तर पहिला मीच गेलो असतो. चव मीच बघतो!"

"म्हणूनच एवढे गुटगुटीत का?" भावजी पुटपुटले.

कंपाउंडर थंडपणे म्हणाला, "कोणाला कोणती गोळी, मला माहीत होतं. संशय घ्या खुशाल."

मागच्या खोलीत थोरल्या डॉक्टरांच्या पत्नी राहत. सगळे त्यांना काकू म्हणत. "उजाडलं की जाते हो कुत्र्यांकडे. खाऊ भरवते, गोंजारते. ह्यांचं तेवढंच उरलंय," त्या म्हणाल्या. "गोळी चालणार, असं हे शेवटपर्यंत म्हणत होते."

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना वॉर्डात बोलावलं. मास्तरही कुत्रीजवळ बसले.

"पाणी भूत पीत नाही. कुत्रीच पितात. तहान, भूक, धाप, सारखं मुतणं. बाई, कशाने होतं असं?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "स्टेरॉइड! काही गाठी त्याने तात्पुरत्या बसतात. मी फक्त गाठी मोजत राहिले. बाकीचं भुताच्या नावावर गेलं, मीही जाऊ दिलं."

"ते जेवणात असतं तर मास्तरांच्या कुत्रीलाही मिळालं असतं. म्हणजे ते हाताने भरवलं जातं," वहिनी म्हणाल्या.

"मग कंपाउंडर!" भावजी उसळले.

"अहो भावजी, ज्याला सगळं माहीत, तो पोकळ गोळीवाल्यांना कशाला देईल? लबाडी लगेच उघडी पडेल. देणाऱ्याला कोणाला कोणती ते माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांना दिलं. उजाडताना, मागच्या दाराने. कुत्री भुताची नाही, खाऊची वाट बघत होती." वहिनी फोटोकडे वळल्या. "असा चेहरा त्याच औषधाने फुगतो. उरलेल्या गोळ्या घरातच होत्या ना, काकू?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. "ह्यांची आतली सूज उतरायची त्याने. वाटलं, ह्यांचं म्हणणं खरं ठरू दे. मग खोटंच होतं का ते?"

"खरं की खोटं, तेच आता कळत नाही," वहिनी हळूच म्हणाल्या.

बाईंनी कंपाउंडरकडे पाहिलं. "मास्तरांच्या कुत्रीला खरीच गोळी होती ना?"

"खरी."

"एकीवरून काही ठरत नाही. पारख पुन्हा पहिल्यापासून. बाकी कुत्र्यांचं स्टेरॉइड हळूहळूच कमी करावं लागेल. पण हिच्यासाठी थांबायला आता काही कारण उरलं नाही."

मास्तरांनी चाचपडत कुत्रीचं डोकं मांडीवर घेतलं. "उद्याच कापा, बाई."

दुसऱ्या दिवशी गाठ मुळासकट निघाली. बाहेर बाकावर मास्तरांशेजारी काकू बसल्या होत्या. मास्तरांनी विचारलं, "ती उठली की मला आत कोण नेईल?" काकूंनी त्यांचा हात हातात घेतला.

मुक्या जिवावर मायेने हात फिरवाल, तेव्हा त्या काकूंची आठवण ठेवा. दोष देऊ नका. नुसती आठवण ठेवा.