चौथा हॉर्न

जबलपूरहून नागपूर पावणेतीनशे किलोमीटर. सकाळी आठला निघालं तर दुपारचं जेवण घरी, असा साधा हिशेब होता. पण सिवनीच्या अलीकडे जो पाऊस लागला तो सुटायचं नाव घेईना. चार मोटरसायकली, चार रेनकोट, चार चिंब माणसं. दुपारचे साडेतीन वाजले तरी ती सगळी अजून जंगलाच्या रस्त्यावरच होती, आणि दिवे दिवसाच लावावे लागले होते.

सगळ्यांत पुढे उन्नती होती. सक्करदऱ्याची, चोवीस वर्षांची, एम.एस्सी. झालेली. घरातल्या कुठल्याही मोठ्या माणसाचं पहिलं वाक्य संपायच्या आत तिचं दुसरं सुरू व्हायचं. तिच्यामागे पियूष, त्याच्यामागे सोनिका, दोघं तिचे कॉलेजचे मित्र. आणि शेवटी मनोहरराव. वय त्रेसष्ट, गाडी पस्तीस वर्षं जुनी, काळी, आणि तिचा हॉर्न असा घोगरा की खोकला झालेल्या म्हशीनं हाक मारावी.

हा गट मनोहररावांनीच जमवलेला. तरुणपणी ते एका ठेकेदाराकडे लाइनमन होते, विजेच्या खांबांवर चढण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तिथली एक रीत त्यांनी गाड्यांवर आणली होती. खांबावरून माणसं उतरली की लाइन चालू करण्याआधी प्रत्येकानं आपापला आकडा मोठ्यानं सांगायचा. सगळे आकडे आले, मगच वीज सोडायची. तसंच इथे. प्रत्येक पूल ओलांडला की पुढच्यानं थांबायचं. हेल्मेटात, पावसात आवाज कुठून ऐकू येणार, म्हणून हॉर्न. पुढचा एकदा वाजवणार, मग दुसरा, मग तिसरा, मग शेवटचा. चार आले की पुढच्यानं हात वर करायचा आणि निघायचं. एकच लांबलचक हॉर्न आला, तर मात्र जिथे असाल तिथे थांबायचं.

उन्नतीला हा प्रकार अजिबात आवडायचा नाही.

“काका, सगळ्यांच्या फोनमध्ये लोकेशन चालू आहे. ही काय शाळेची सहल आहे का?”

“जंगलात कोणता फोन लागते वं?” मनोहरराव म्हणायचे. “आन एक ध्यानात ठेव. हॉर्न जेचा त्यानंच द्यायचा. दुसऱ्याचा आकडा कोणी द्यायचा नाही. गमतीत पन नाही.”

“काहून पण?”

“नाही म्हणजे नाही.”

या ‘नाही म्हणजे नाही’वर तिचं डोकं फिरायचं. कारण सांगता येत नसेल तर नियम कशाला करता?

त्या सकाळी जबलपूरच्या लॉजसमोर तिनं सरळ सांगून टाकलं होतं, “आज पुढे मी राहीन. तुम्ही फार हळू नेता. तुम्ही मागे या.”

पियूषनं सोनिकाकडे बघितलं. मनोहररावांनी हातमोजे चढवले, शांतपणे गाडीला किक मारली आणि म्हणाले, “जा मंग पुढं. पन चार निघाले तं चार घरी पोचवायचे. बाकी मले तुह्याकडून काही नको.”

आता आमडी फाट्यावर कळलं की पुढे कंटेनर उलटलाय आणि नागपूरकडे जाणारी वाहनं तासाभरापासून उभी आहेत. उन्नतीनं उजवीकडे, पारशिवनीच्या रस्त्याला हात दाखवला.

“त्या रस्त्यानं रपटा आहे,” मनोहरराव काच वर करून म्हणाले. “नाल्याले पानी आलं असंन. थांबू ना जरा.”

“थांबून थांबून रात्र होईल काका! बघू तर खरं. पाणी असलं तर फिरू मागे.”

“मले बी घरीच जायचं आहे यार,” पियूष म्हणाला, आणि विषय संपला.

पारशिवनीचा रस्ता अरुंद होता. दोन्ही बाजूंना सागाची झाडं, त्यांच्या रुंद पानांवर पाऊस असा वाजत होता की वाटावं हजारो माणसं कुजबुजत बाजूनं चालली आहेत. ओल्या मातीचा, कुजलेल्या पाल्याचा वास हेल्मेटात भरून राहिला. पहिला पूल आला. ओलांडून उन्नती थांबली, तिनं हॉर्न दिला. पियूषचा पातळ, सोनिकाचा चिमणीसारखा, आणि मग तो घोगरा, ओळखीचा. चार. मागे वळून बघितलं तर मागचे तिन्ही दिवे दिसत होते. तिनं हात वर केला.

मग रपटा आला. नाल्यावरचा तो बुटका सिमेंटचा रस्ता. त्याच्यावरून वीतभर गढूळ पाणी वाहत होतं. दोन्ही कडांना पांढरे दगड होते, म्हणून रस्ता कुठे आहे ते कळत तरी होतं. उन्नतीनं पहिला गिअर टाकला आणि न थांबता पार झाली. तिच्यामागे पियूष, मग सोनिका. चढ चढून, वळण घेऊन ती थांबली. इथून रपटा दिसत नव्हता. पावसाचा पडदा इतका दाट की सोनिकाच्या मागे दहा पावलांवर जग संपलेलं होतं.

तिनं हॉर्न दिला. पियूष. सोनिका.

मग काहीच नाही.

 आणि मग, जरा उशिरानं, लांबून, तो घोगरा आवाज आला.

चार. तिनं हात वर केला.

पुढे तीन-चार किलोमीटरवर एसटीचा जुना निवारा लागला. तिथे थांबून तिनं पुन्हा मोजणी घेतली. पूल नव्हता, पण का कोण जाणे, घ्यावीशी वाटली. एक. दोन. तीन. आणि चौथा हॉर्न या वेळी इतक्या जवळून आला की सोनिका दचकलीच. अगदी तिच्या पाठीमागे, पावसाच्या आत.

“आले काका,” ती म्हणाली आणि बाजूला सरकली, त्यांना जागा द्यायला.

कोणीच आलं नाही.

एक मिनिट गेलं. दोन गेली. दिवा नाही, इंजिनाचा आवाज नाही. पाऊस फक्त.

“काका?” पियूषनं हाक मारली. मग हसून म्हणाला, “मजाक करून राहिले का हे?” पण त्याचं हसू अर्ध्यातच विरलं.

उन्नतीनं गाडी स्टँडवर लावली आणि चालत मागे गेली. दहा पावलं, वीस पावलं. डांबरावर पाणी उडत होतं. दोन्हीकडे साग. रस्ता सरळ आणि रिकामा. 

“उन्नती…” मागून सोनिकाचा आवाज बारीक झाला होता. “आत्ताच तर वाजला ना वं… मी ऐकला. तू पन ऐकला ना?”

“ऐकला.”

“मंग…?”

 उन्नतीच्या डोक्यात एकच गोष्ट घणाचे घाव घालत होती. रपट्यानंतर तिनं मागे बघितलंच नव्हतं. आकडा आला म्हणून ती निघाली होती. चार ऐकले, तीनच घेऊन निघाली.

“तुम्ही इथंच थांबा,” ती म्हणाली आणि गाडी वळवली.

रपट्याच्या उतारावर पोचली तेव्हा तिथे रपटा नव्हता. म्हणजे होता, पण दिसत नव्हता. पांढऱ्या दगडांची फक्त टोकं वर होती आणि त्यांच्यामधून तपकिरी पाणी फेसाळत, गरजत चाललं होतं. आणि पलीकडच्या काठावर मनोहरराव उभे होते. गाडी त्यांच्या मागे, दिवा बंद. एवढ्या लांबून ते किती लहान दिसत होते.

त्यांना ती दिसली. त्यांनी हात हलवला. आणि मग ते पाण्याकडे चालू लागले.

“काका, नका! थांबा!”

स्वतःचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला नाही. मनोहररावांनी पहिल्या दगडावर हात ठेवला, पाय पाण्यात घातला. पाणी त्यांच्या गुडघ्याला भिडलं. म्हातारा हट्टाला पेटला होता. चार घरी पोचवायचे होते ना. चौथा स्वतःच चालून येत होता.

उन्नतीनं हॉर्नवर अंगठा दाबला आणि दाबूनच धरला. लांब. आणखी लांब.

मनोहरराव थांबले. एक पाय पाण्यात, एक काठावर.

तिनं अंगठा उचलला. आणि त्याच क्षणी उत्तर आलं.

ते पलीकडून आलं नाही. मनोहररावांच्या गाडीकडून तर नाहीच. ते नाल्याच्या मधोमध, फेसाळत्या पाण्यातून आलं. तोच घोगरा हॉर्न, पण एवढा मोठा, एवढा खोल, की सागाची पानं क्षणभर थरथरली. त्याच्यात राग नव्हता. दुखणं नव्हतं. देवळातली मोठी घंटा वाजून गेल्यावर गाभाऱ्यात जी शांतता उरते, तशी शांतता त्याच्या आत होती. उन्नतीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि का आलं ते तिला कळेना. भीती होती, पण तिच्याहून काहीतरी मोठं होतं. गाडीवर बसून राहणं बरोबर नाही असं वाटून ती खाली उतरली आणि उभी राहिली.

पलीकडे मनोहरराव मागे सरकले होते. त्यांनी पाण्याकडे बघून दोन्ही हात जोडले. त्यांचं हेल्मेट खाली पडलं तरी त्यांनी उचललं नाही.

मग वरून एक आख्खं झाड मुळांसकट आलं, रपट्यावर आडवं आपटलं, आणि पांढरे दगड काड्यांसारखे मोडून घेऊन गेलं.

बऱ्याच वेळानं मनोहररावांनी मागच्या गावाकडे हात दाखवला. आपण तिकडे जातो, तुम्ही जा, असा. उन्नतीनं मान हलवली. ते हेल्मेट काखेत घेऊन, गाडी ढकलत, सावकाश चढ चढून दिसेनासे होईपर्यंत ती तिथंच उभी होती.

रात्र तिघांनी पारशिवनीत सोनिकाच्या आत्याकडे काढली. झोप कोणालाच आली नाही. सकाळी पाणी उतरलं, तसे ते लांबच्या पुलावरून वळसा घालून पलीकडच्या गावात गेले. मनोहरराव एका घराच्या पडवीत चहा पीत बसले होते. गावातला मिस्त्री त्यांच्या गाडीला दुसरी बॅटरी लावत होता.

उन्नती त्यांच्याजवळ जमिनीवरच बसली.

“काका, माझी चूक झाली. मी मागे बघायला पाहिजे होतं. तुमचा हॉर्न आला म्हणून…”

“माहा हॉर्न?” ते म्हणाले. “रपट्याच्या अलीकडंच गाडी बंद पडली. दिवा गेला, हॉर्न गेला. सप्पा गेलं. मी बटन दाबून दाबून थकलो.”



“पन तुमची मोजणी मले ऐकू आली,” मनोहरराव हळूच म्हणाले. “एक. दोन. तीन. आन मंग चौथा बी ऐकला मी. माहाच आवाज. तिकडून… तुमच्याकडून.” त्यांनी कप खाली ठेवला. “तवा मले वाटलं, पोरी, मी तं पार झालो. तिकडंच आहो मी. मंग इथं कोन उभं आहे?”



“तुम्ही हात जोडले,” उन्नती म्हणाली. “तुम्हाला माहीत होतं ना, कोण ते?”

ते कितीतरी वेळ नाल्याच्या दिशेनं बघत राहिले. आज पहिल्यांदा तिनं त्यांच्या उत्तराची वाट पाहिली. मध्ये तोंड घातलं नाही.

“लहानू नावाचा माह्यासंगं होता. चौघं होतो आम्ही, असाच पाऊस. सगळ्यायले घरी जायची घाई. खाली मोजणी सुरू झाली. लहानू चौथा. तो अजून वरतं होता… मले वाटलं, उतरलाच असंन. मीच ‘चार’ म्हणून देल्लं.” ते थांबले. “आन लाइन चालू झाली.”

 

दुपारी निघाले. पाऊस परत लागला होता, पण बारीक. उन्नतीनं आपली गाडी सगळ्यांच्या मागे नेऊन लावली.

“काहून वं?” मनोहररावांनी विचारलं.

“तुम्ही पुढे चला काका. आज मी शेवटी.”

दोन गावं गेली. एक लांब पूल आला. मनोहरराव पलीकडे थांबले आणि त्यांचा घोगरा हॉर्न वाजला. मग पियूषचा. मग सोनिकाचा.

आता पाळी उन्नतीची.

तिचा अंगठा बटणावर होता. तिनं तो दाबला नाही. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. एकदा बघायचं होतं. जे काल पाण्यातून बोललं, ते खरंच आहे का, एवढंच. ती कान देऊन ऐकत राहिली. खाली पाणी. हेल्मेटवर थेंब. दूर कुठेतरी एक टिटवी. हॉर्न नाही. कसलाच नाही.

तिला हसू आलं. उगाच कालपासून… ती दाबायला गेली.

तेवढ्यात पुढे मनोहररावांनी हात वर केला.

मोजणी पूर्ण. पियूष निघाला. सोनिकानं मागे वळून, सगळं ठीक आहे अशी मान हलवली, अगदी आत्ताच उत्तर ऐकल्यासारखी, आणि तीही निघाली. तीन लाल दिवे एकामागून एक वळणाआड गेले.

उन्नती पुलावर तशीच उभी होती. तिचा अंगठा अजून बटणाच्या वर, हवेतच.