काटा का थरथरला?

"तू फक्त बाबांची स्तुती करायचीस," प्रोफेसर म्हणाला. "बाकी मी बघतो."

"स्तुती मीच का?"

"मी केली तर त्यांना संशय येईल. मुलगा आहे मी त्यांचा."

चिमटीला हे पटलं. प्रोफेसर तिचा चुलत भाऊ, वय तेरा. दोन वाक्यांत सांगण्याजोगी गोष्ट तो बारा वाक्यांत सांगे, म्हणून प्रोफेसर. चिमटी त्याच्याहून वर्षाने लहान. दुसऱ्याची चूक ती अलगद उचलून दाखवी, म्हणून चिमटी. स्वतःची चूक उचलायचा प्रसंग अजून तिच्यावर आला नव्हता.

सुट्टीत ती आणि तिची ताई काकांकडे आल्या होत्या. काका विमान चालवायला शिकवणारी संस्था चालवत. तिथे एक सिम्युलेटर होता. खुर्ची, समोर तीन पडदे आणि उजव्या हाताशी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करणारी दांडी. जमिनीवर बसून उडायचं आणि पडलं तरी कपडे झटकून उठायचं, अशी सोय.

ताई मात्र पडली ती उठलीच नव्हती. चार दिवसांपूर्वी प्रवेशाची चाचणी झाली. उमेदवार अकरा. "घरच्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको," म्हणून काकांनी पुतणीला सगळ्यांच्या शेवटी बसवलं. उड्डाणाच्या ऐन वेळी इंजिनाचा काटा थरथरला, ताकद गेली आणि पडद्यावरचं विमान धावपट्टी सोडून गवतात घुसलं. काकांनी शेरा लिहिला, 'हात स्थिर नाही', आणि यादी त्याच संध्याकाळी वरच्या कार्यालयाला पाठवून दिली.

चिमटी तेव्हा काचेबाहेर उभी होती. ताईचं मनगट दगडासारखं स्थिर होतं आणि काटा नाचत होता, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने काकांना सांगितलंही. "लहान तोंडी मोठा घास घेऊ नये," काका म्हणाले आणि ती गप्प बसली. एकदाच सांगून गप्प बसली, हे तिला आता डाचत होतं. उद्या सकाळी ताई घरी परत जाणार होती. विमानाचा विषयच नको म्हणत होती.

काका सिम्युलेटरच्या खोलीत पडदे पुसत होते.

"काका, तुमच्यासारखं उड्डाण म्हणे कुणालाच जमत नाही," चिमटी म्हणाली. "मला एकदा बघायचं होतं."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

काकांनी फडकं खाली ठेवलं. स्तुतीपुढे भलेभले पाघळतात, काका तर नुसते भले होते. खुर्चीत बसून त्यांनी दांडी पुढे ढकलली. विमान धावू लागलं. दांडी निम्म्याच्या पुढे गेली आणि काटा थरथरला. काकांनी दांडी घट्ट धरली, तरी काटा नाचतच राहिला आणि विमान गवतात गेलं.



"बाबा," प्रोफेसर हळूच म्हणाला, "शेरा कोणता लिहू?"

काकांचे कान लाल झाले. त्यांनी फिटरकाकांना बोलावलं. यंत्रांची दुरुस्ती त्यांच्याकडे असे.

"चाचणीच्याच दिवशी तपासलंय, साहेब," फिटरकाका म्हणाले. "तिन्ही तारांना मीटर लावला. पी वाजला की तार शाबूत."

"तेव्हा दांडी कुठे होती?" प्रोफेसरने विचारलं.

"कुठे असणार? मागे, जागेवर."

"आणि काटा नाचतो दांडी पुढे गेल्यावर. मग मीटर लावूनच ती पुढे करून बघायची का?"

 कॉम्प्युटरची जोडणी काढून फिटरकाकांनी खालचं झाकण उघडलं. मधल्या तारेला मीटर लावला. पीऽऽ. प्रोफेसरने दांडी सावकाश पुढे नेली. निम्म्यावर आवाज तुटक झाला आणि पुढे बंदच पडला.

"मधलीच," फिटरकाका पुटपुटले. "दांडी किती पुढे आहे ते हीच तार सांगते. पण बाहेरून तर धडधाकट दिसतेय."

चिमटी वाकली. तिन्ही तारा प्लास्टिकच्या पट्टीने चौकटीला करकचून आवळल्या होत्या. दांडी पुढे जाई तेव्हा मधली तार ताणली जाई, कारण तिला सरकायला जागाच ठेवली नव्हती. दहा उमेदवारांनी दांडी ढकलली, तसतसं रबराच्या आत तांबं तुटत गेलं. अकराव्या नंबरच्या ताईला काय उरणार?

"ही पट्टी कुणी बांधली?" फिटरकाकांनी विचारलं. "माझी नाही. मी तारेला झोळ सोडतो."

काका भिंतीकडे बघू लागले. चिमटीला आठवलं. चाचणीच्या आदल्या दिवशी पाहुणे येणार होते. लोंबत्या तारा बऱ्या दिसत नाहीत म्हणून काकांनी पट्ट्या आणल्या होत्या. त्यांची बोटं आत जाईनात, तेव्हा त्यांनी तिला हाक मारली होती. "पट्टीचा अजून एक दात ओढ," ते म्हणाले होते. शाबासकीच्या हौसेने तिने दोन ओढले होते.

"मी बांधली," ती म्हणाली.

"मी बांधायला लावली," काका म्हणाले.

फिटरकाकांनी पट्टी कापली. नवी तार जरा लांब घेऊन डाख देऊन जोडली, वर नळी चढवली आणि दांडीला पुढे जाता येईल एवढा झोळ सोडला. वीस वेळा दांडी मागेपुढे केली, मीटर अखंड वाजत राहिला.

"शाबास, पोरांनो," काका म्हणाले. "आम्हा मोठ्यांना हे सुचलं नसतं." चिमटीला ते ऐकवेना. ती ताईला बोलवायला गेली आणि दारातच तिला सगळं सांगून टाकलं, दोन दातांसकट.

ताई येऊन खुर्चीत बसली. दांडी पुढे गेली. काटा सरळ चढला आणि विमान अलगद वर गेलं.

"मी आजच पत्र लिहितो, चूक माझी होती म्हणून," काका म्हणाले. "पण तुझी जागा दुसऱ्याला गेली, बाळा. त्याची ती हिसकावता येणार नाही. पुढची तुकडी सहा महिन्यांनी."

"बरं," ताई म्हणाली. तिची नजर काट्यावर होती.

"ताई, रागाव ना माझ्यावर," चिमटी म्हणाली.

"रागावेन. आज नाही." ताईने दांडीवरचा हात उचलला आणि उजेडात धरला. "चार दिवस मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होते गं."