खाणीकडच्या भिंतीवरची पाटी

"माझ्या सख्ख्या आजोबाचं नाव मी भंगारात विकीन, बाई? विकीन का मी?"

डूगल स्पेन्सने आत येताच टेबलावर मूठ आपटली. ग्रिझेल रॅन्किनने आधी चहाचा कप वाचवला, मग त्याला खुर्ची दाखवली. तिचा सोबती आर्ची पर्डी बिस्किट हातात धरून बघतच राहिला.

इन्व्हरकेल गावात खासगी तपास करणारी ग्रिझेल एकटीच. एरवी तिच्याकडे पळून गेलेल्या नवऱ्यांची प्रकरणं यायची. आजचं प्रकरण मात्र वीव्हर्स पार्कचं होतं, म्हणजे अख्ख्या गावाचं.

वीव्हर्स पार्क हे रोव्हर्स क्लबचं फुटबॉलचं मैदान. डूगलच्या आजोबाच्या पिढीतल्या खाणकामगारांनी पाळी संपल्यावर राखेच्या गाड्या ओढून त्याचे उतार रचले आणि त्यावर उभं राहायच्या पायऱ्या बांधल्या. कुणी त्यांना दमडी दिली नाही. पुढे एका सामन्यात खाणीकडची भिंत कोसळून अकरा माणसं गेली. नव्या भिंतीवर त्यांच्या नावांची पितळी पाटी लागली. शनिवारच्या सामन्यानंतर ती पाटी जागेवर नव्हती.

"सार्जंट सरळ माझ्या गाडीपाशी! म्हणे, गाडीत पितळ सापडलं. भंगारवाल्याच्या गाडीत पितळ नाही तर काय केक सापडणार?"

"पाटी सापडली?"

"कशी सापडेल? पण कुणा प्रतिष्ठित माणसानं मला पाहिलं म्हणे. कोण, कधी, काही सांगत नाहीत. क्लबनं मला जन्मभर मैदानाबाहेर काढलं. काल चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी बसलं नाही, बाई." त्याने बाहीने नाक पुसलं. "आणि गुरुवारी सरकारी लोक येतायत. मैदान ऐतिहासिक ठरलं तर ते विकता येणार नाही. पण पाटीच नसेल तर त्यांना दाखवणार काय? नुसत्या विटा?"

ग्रिझेलने कोट अंगात चढवला.

मैदानाची राखण करणारा वॉटी खाणीकडच्या पायऱ्यांवर झाडू मारत होता. भिंतीवर पाटीच्या जागी फिकट चौकोन आणि बोल्टची भोकं उरली होती.

"गंजलेले बोल्ट होते. काढायला वेळ लागला असणार, आवाजही झाला असणार," वॉटी म्हणाला. "शनिवारी इथे भलंमोठं कापड होतं, ‘आपला वारसा, आपला अभिमान’ लिहिलेलं. सकाळी संचालक क्रिक्टनसाहेबांनी स्वतः बांधलं. मला पलीकडे रेघा मारायला पिटाळलं. सामना संपल्यावर मी ते सोडलं, तर मागे पाटी गायब!"

"सामन्यात इथे गर्दी असते ना?" आर्चीने विचारलं. त्याला गोल्फपलीकडे काही कळत नसे.

वॉटीने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "आपलं गाव हल्ल्यामागे चालतं, साहेब. रोव्हर्स ज्या गोलवर चाल करणार, त्या गोलमागे सगळे उभे. हाफटाइमला संघांनी बाजू बदलल्या की आम्हीही कडेकडेनं चालत पलीकडे. रोव्हर्सना पहिला हाफ खाणीकडे आणि दुसरा नदीकडे आवडतो. बापजाद्यांपासून असंच."

"म्हणजे दुसऱ्या हाफात इथे चिटपाखरू नसतं! हाच चोरीचा वेळ!" आर्ची खूश झाला.

ग्रिझेल तोवर चालू लागली होती. ती नदीकडच्या टोकाला एफी लोगनच्या टपरीवर गेली. एफी तिथे ‘पाय’, म्हणजे मांसाचं सारण भरून भाजलेल्या गरम कचोऱ्या विकायची आणि शिव्या फुकट वाटायची.

"शनिवारचं नाव काढू नकोस, ग्रिझेल! सगळं उलटं. खेळ सुरू व्हायच्या आधीच गाव माझ्या अंगावर, आणि पाय अजून गारढोण! हा डूगल तर हाफटाइमपर्यंत इथेच उभा राहून माझ्याशी भांडत होता. दात तुटला म्हणे! हाफटाइमनंतर पाय मस्त तापले, तर खायला कुत्रं नाही."

"दात तुटला?" आर्चीने चिंतेने विचारलं.

"तुटायलाच हवा होता मेल्याचा," एफी म्हणाली. "पण चोर नाही हो तो."

क्लबचे संचालक क्रिक्टन गेल्याच वर्षी गावात आलेले. मैदान विकून तिथे मोठं दुकान बांधावं असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा, असं गाव म्हणे.

"पाटीचं मलाही दुःख आहे," ते म्हणाले. "पण डूगलला मी डोळ्यांनी पाहिलं. मी आपल्या लोकांतच उभा होतो. हाफटाइमला नेहमीसारखा सगळ्यांबरोबर नदीकडे आलो. आपला गोलही तिथे अगदी आमच्या नाकासमोर झाला. जल्लोषात सहज मागे वळलो, तर पलीकडे रिकाम्या पायऱ्यांवर डूगल एकटा, पाटीपाशी."

"रिकाम्या पायऱ्यांवर," ग्रिझेल म्हणाली. "हे सगळ्यांसमोर सांगाल?"

"का नाही?"

बुधवारी क्लबच्या बैठकीच्या खोलीत अध्यक्ष प्रोव्हँड, सार्जंट, वॉटी, एफी आणि डूगल जमले. क्रिक्टननी सगळं पुन्हा सांगितलं. ते बोलत असताना एफीने तोंडाचा आ वासला आणि वॉटीने कपाळावर हात मारला. सार्जंटला मात्र काहीच कळलं नाही. तो रग्बीवाला होता.

"शनिवारी नाणेफेक पाहुण्यांनी जिंकली," ग्रिझेल म्हणाली. "त्यांच्या कप्तानाने मुद्दाम बाजू उलट्या मागितल्या. रोव्हर्सनी आधी नदीकडे चाल केली, म्हणून गाव सुरुवातीलाच एफीच्या टपरीवर आलं आणि तिचे पाय गार निघाले. दुसऱ्या हाफात सगळे खाणीकडे होते. गोलही तिथेच झाला. मिस्टर क्रिक्टन, तुम्ही ज्या पायऱ्या रिकाम्या पाहिल्या, त्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती!"

क्रिक्टनचा चेहरा उतरला. "माझ्या... आठवणीत गफलत झाली असेल."

"गफलत नाही. तुम्ही सामन्याला आलाच नव्हतात. गोल झाल्याचं ऐकलंत आणि बाकीचं गावाच्या सवयीवरून रचलंत. हाफटाइमला लोक नदीकडे जातात, एवढं तुम्ही पाठ केलंत. का जातात, ते विचारावंसं तुम्हाला वाटलं नाही."

"पण पाटी नेली कधी?" आर्चीने विचारलं.

"पहिल्या हाफात डूगल एफीशी भांडत होता. दुसऱ्या हाफात त्या भिंतीपाशी सगळं गाव होतं. तेव्हा बोल्ट कोण काढणार? आणि खोटी साक्ष देणारे तर सामन्याला नव्हतेच; म्हणजे पाटी सामन्याआधीच गेली होती. सकाळी वॉटीला दूर पाठवून ती काढली आणि रिकामी जागा कापडाने झाकली. ते कापड कुणी बांधलं?"

"चोराच्या उलट्या बोंबा!" एफी ओरडली. "वर अभिमान लिहितो!"

सार्जंटने क्रिक्टनकडे त्यांच्या गॅरेजची किल्ली मागितली. तासाभरात पाटी परत आली, एका जुन्या घोंगडीत गुंडाळलेली. डूगलने आजोबाच्या नावावर अंगठा फिरवला आणि मग सार्जंटकडे असं पाहिलं की त्याने नजर खाली घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला सगळे तयार होते, कारण संन्याशाकडे भंगाराची गाडी होती!

"डूगल, झालं गेलं विसरू," प्रोव्हँड म्हणाले. "बंदी आम्ही गुपचूप मागे घेतो. बोभाटा कशाला?"

"गुपचूप?" डूगल ताडकन उठला. "चोर म्हणून गावभर मिरवलंत मला! चोर नाही, हेही गावानंच ऐकायचं. शनिवारी, सगळ्यांसमोर!"

गुरुवारी सरकारी लोक आले, तेव्हा पाटी जागेवर होती. त्यांनी टोप्या काढून एकेक नाव वाचलं.

शनिवारी सामन्याआधी प्रोव्हँडनी लाउडस्पीकरवर घसा खाकरला आणि ते काहीतरी पुटपुटले.

"ऐकू आलं नाही!" डूगल पायऱ्यांवरून ओरडला.

ते जरा मोठ्याने बोलले.

"ऐकू आलं नाही!" आता एफी, वॉटी आणि त्यांच्या मागचं सारं गाव ओरडलं. पाहुण्यांचे पाठीराखेही त्यात सामील झाले. रेफरी शिट्टी हातात धरून थांबला.

"डूगल स्पेन्स चोर नाही!" प्रोव्हँड अखेर जिवाच्या आकांताने ओरडले. "चूक आमची झाली! आम्हाला माफ करा!"

डूगलने क्षणभर विचार केला.

"आता आलं ऐकू," तो म्हणाला. "करा सुरू."