एकाच भांड्यातला बर्फ

पाण्यानं काठोकाठ भरलेलं भांडं दोन्ही हातांत धरून ती मुंगीच्या पावलांनी रस्ता ओलांडत होती. एक थेंब सांडू दिला नाही तिनं. आइस्क्रीमच्या दुकानाशी पोचली, आणि दार नेमकं तेव्हाच आतून उघडलं...

सगळं पाणी त्याच्या बुटांत.

त्यानं बुटांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग पायाशी पडलेल्या बँकेच्या कार्डाकडे पाहिलं.

"कार्ड धुवायला काढलंत?"

"गोठवायला," ती म्हणाली. "तुमच्याकडेच येत होते. आमच्या फ्रिजनं मान टाकलीय."

आता ही काय भानगड, ते सांगायलाच हवं. ती समोरच्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. कुणाच्या नाकावर कुठली फ्रेम बसेल हे तिला लांबूनच कळायचं, पण आपला पगार महिन्यात कसा बसवायचा हे काही केल्या कळायचं नाही. चपला, कानातले, उशांचे अभ्रे, आणि एकदा तर माशांसाठी काचेची मोठी पेटी. मासे घ्यायला पैसेच उरले नाहीत. पगार संपला तरी ओव्हरड्राफ्ट होताच, म्हणजे खात्यात नसलेले पैसेही बँक काढू द्यायची आणि वर व्याज लावायची. घरी ताई तिला 'उधळी' म्हणायची, आणि ते नाव तिला अगदी मापाचं बसायचं.

पण यंदा तिला डोळे तपासायचा कोर्स करायचा होता. आयुष्यभर नुसत्या फ्रेमा पुसायच्या नव्हत्या. बँकेनं स्वच्छ सांगितलं, आधी ओव्हरड्राफ्ट फेडा, मग शिक्षणासाठी कर्ज मागा. तेव्हा ताईनं फोनमधली खरेदीची सगळी ॲप पुसून टाकली आणि म्हणाली, कार्ड बर्फात घाल. हौस आली की बर्फ वितळेपर्यंत थांबायचं.

"आणि ते आमच्या फ्रीझरमध्ये का म्हणून?" हा आवाज काउंटरमागून आला. दुकान त्याच्या मावशीचं होतं. आइस्क्रीम तो बनवायचा, बोलायचं काम मावशी बघायची.

"अंथरूण पाहून पाय पसरायला शिकतेय हो," ती म्हणाली. "पण मावशी, अंथरूण फारच आखूड आहे."

मावशीच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. तेवढं पुरे होतं. त्यानं भांडं पुन्हा भरलं, कार्ड बुडवलं आणि नियम सांगितला. "हातोडा नाही, गरम पाणी नाही. बर्फ आपला आपण वितळेल. तोवर इथंच बसायचं."

"आणि तुम्ही पहारा देणार?"

"बूट वाळेपर्यंत तरी मला कुठं जाता येणार नाही."

पहिला मोह त्याच आठवड्यात झाला. पिवळ्या सँडल. ती धावतच आली. भांडं टेबलावर आलं, थंड धूर सोडत, आतलं काही म्हणता काही दिसू न देता. ती कोपऱ्यातल्या डुगडुगत्या स्टुलावर बसली.

"पिवळ्याच का?" त्यानं विचारलं.

"माझ्याकडे पिवळ्या नाहीत ना."

"आत्ता पायात आहेत त्या?"

तिनं खाली पाहिलं. "...या लिंबासारख्या आहेत. त्या हळदीसारख्या होत्या."

तो हसला. हसताना त्याचे डोळे अगदी बारीक व्हायचे. हसत नसतानाही व्हायचे, विशेषतः तिच्याकडे बघताना, आणि तिच्यातली चष्मेवाली लगेच जागी झाली.

"तुम्हाला नंबर लागलाय."

"छे. काही गोष्टी नीट बघायच्या तर डोळे बारीक करावेच लागतात."

मानेपासून कानापर्यंत काहीतरी गरम गरम चढत गेलं. बर्फाशेजारी बसून, बरं का. त्यानं लिंबाच्या आइस्क्रीमची वाटी पुढे सरकवली.

"पैसे नाहीयेत माझ्याकडे," ती म्हणाली.

"मी मागितले?"

कार्डाचा कोपरा दिसायला लागला तोवर सँडलचं दुकान बंद झालेलं, वाटी रिकामी, आणि सँडल... कुठल्या सँडल?

मग असंच होत गेलं. घड्याळ हवं झालं, आली. निळा कोट हवा झाला, आली. बर्फ वितळायचा, बोलणं लांबायचं, 'अहो' कधी 'तू' झालं कळलंसुद्धा नाही, आणि कार्ड पुन्हा पाण्यात जायचं. ओव्हरड्राफ्टचा आकडा महिन्यामहिन्यानं उतरत होता. खरं सांगायचं तर पुढे पुढे तिला काही घ्यायचंच नसायचं. उगाच एखादी वस्तू ठरवून यावं लागायचं.

"आज काय?" तो विचारायचा.

"छत्री."

"बाहेर ऊन आहे."

"म्हणून तर स्वस्त असेल."

एक मात्र तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. खर्च करणाऱ्याला दुसऱ्याचा खर्च बरोबर दिसतो. डुगडुगत्या स्टुलाच्या जागी गुबगुबीत खुर्ची आली होती. समोर तशीच दुसरी. मग छोटासा पिवळा दिवा. मग उशी, तिला आवडायची तसल्या अभ्र्याची.

"ही उशी नवी आहे?"

"जुनीच आहे. झटकली."

काउंटरमागे मावशीला जोराचा खोकला आला.

आणि एक दिवस ओव्हरड्राफ्ट फिटला. पूर्ण. ती बँकेतून निघाली तेव्हा पाय जमिनीवर ठरत नव्हते. आइस्क्रीमच्या दाराशी मात्र ते आपोआप मंदावले. आता कार्ड परत घ्यायचं. आणि मग? उद्या कुठल्या निमित्तानं यायचं?

"फिटला," तिनं सांगितलं.

त्याचा चेहरा उजळला. मग उतरला. "वा," तो म्हणाला. "मग आता..."

"कार्ड दे माझं."

"राहू दे ना अजून आठवडाभर."

तिला ते लागलं. "म्हणजे तुझाही विश्वास नाही माझ्यावर? तूही मला उधळीच समजतोस?"

"तसं नाही गं..."

"दे की रे," मावशी म्हणाली. "तिचं आहे ते. आणि तुझंही कळू दे तिला."

त्यानं भांडं आणलं. दिव्याखाली ठेवलं. बर्फ घामेजला, काचेसारखा होत गेला, आणि आत तिचं कार्ड दिसलं... आणि त्याला चिकटून आणखी एक.

"हे कुणाचं?"

तो भांड्याकडेच बघत राहिला.

"सांग ना," मावशी म्हणाली. "खुर्च्या आल्या, दिवा आला, उशी आली. एवढ्या थाटामाटात गिऱ्हाईक किती वाढलं? एक. तेही फुकट खाणारं. आता याच्याच खात्यात खड्डा पडलाय. लोका सांगे ब्रह्मज्ञान."

"तू दर वेळी त्या स्टुलावर बसायचीस," तो हळूच म्हणाला. "वाटायचं, खुर्ची बरी असली तर... जरा जास्त बसशील."

तिला हसू आलं. "दुसरं भांडं नव्हतं दुकानात?"

"ढीगभर आहेत."

"मग माझ्याच भांड्यात का?"

त्यानं डोळे अगदी बारीक केले. "म्हणजे तू न्यायला आलीस, तर माझं सोडवल्याशिवाय तुझं निघणार नाही. मला बोलायला धीर होत नव्हता. म्हटलं, बर्फ बोलेल."

मावशीला अचानक गोदामात काम आठवलं.

तिनं भांडं उचललं. त्याला वाटलं, चालली. पण ती काउंटरमागे गेली, जिथं इतक्या दिवसांत कधी गेली नव्हती, आणि भांडं फ्रीझरमध्ये ठेवून झाकण लावलं.

"आता नियम माझे," ती म्हणाली. "हातोडा नाही, गरम पाणी नाही. तुझा खड्डा बुजेपर्यंत दोन्ही आत. मला फेडता येतं, तुलाही शिकवते."

"म्हणजे तू... रोज येणार?"

"यायलाच लागेल. तुझं कार्ड माझ्या भांड्यात आहे."

ती गुबगुबीत खुर्चीत बसली, उशी मांडीवर घेतली.

"दिवा परत करून ये उद्या," ती म्हणाली. "उशीही."

"आणि खुर्च्या?"

तिनं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"त्या राहू देत. बस की."