नावाआधीची जागा

टक्... टक्... टक्.

स्टीलच्या भांड्यावर छिन्नी धरून हातोडी मारल्याचा हा आवाज शिदूनं आयुष्यभर काढला. पण कानात राहिला तो त्याचा नव्हे, बायडाबाईचा. नवं लग्न होतं. कार्ल्याच्या वरच्या वाडीत, चुलीच्या उजेडात, ती डाव्या हातात हातोडी धरून एका जुन्या ताटावर त्याचं नाव घालत होती.

शिदू लोणावळ्याच्या बाजारात भांड्यांवर नावं घालायचा. लग्नाची, बारशाची, तेराव्याला वाटायचीसुद्धा. गेलेल्या माणसाच्या नावाआधी ‘कै.’ घालायचं, एवढाच काय तो फरक. बायडाबाई शेजारी बसून बघायची. तिला अक्षर येत नव्हतं, आणि नवऱ्याचं नाव तर तिनं जन्मात उच्चारलं नाही. पण त्या नावाची दोन अक्षरं हट्टानं शिकली.

“तोंडानं घ्यायचं न्हाई,” ती म्हणाली होती, “हातानं घेतलं तर काय हुतंय?”

सगळे ठिपके डावीकडं कललेले. शिदू हसून हसून दमला होता.

ती जाऊन आता दोन वर्षं झाली. लेकीच्या, संगीताच्या, मुलीचं बारसं दोन दिवसांवर आलं होतं. ‘वाटीवर नाव आबांनीच घालायचं,’ असं संगीतानं बजावलं होतं. सकाळी शिदूनं पत्र्याचा डबा उघडला. छिन्नी होती. मुठीला चिंधी गुंडाळलेली हातोडी मात्र नव्हती. घर पालथं घातलं, सापडली नाही. मग वाटी आणायची आणि जमली तर नवी हातोडी, म्हणून तो लोणावळ्याच्या बसमध्ये चढला.

बस नवीकोरी. दांडे, पायऱ्या, बाकांच्या कडा, सगळं स्टेनलेस स्टील.

“हिला गंज न्हाई, आबा,” कंडक्टर बजरंग म्हणाला. “तुमी आमी जाऊ, ही ऱ्हाईल.”

“मग नाव घालून दिऊ का कुणाचं?”

“घाला की. आमच्या सायबाचं घाला, मंजी तरी बढती मिळंल.”

शिदू मागच्या दाराशेजारी, उभ्या दांड्याजवळ बसला. बायडाबाई बुटकी. छताच्या दांड्याला तिचा हात पुरत नसे, म्हणून जुन्या गाडीत ती असाच दांडा धरून उभी राहायची. बाहेर भाद्रपदातलं धुकं उतरलं होतं. दांडा बर्फासारखा गार. फक्त एका जागी, बुटक्या बाईच्या हाताच्या उंचीवर, मूठभर जागा ऊबदार होती. शिदूनं ती लोणावळ्यापर्यंत सोडली नाही.

परतीला तीच बस मिळाली. पिशवीत वाटी होती. नवी हातोडी हाताला बसेना, म्हणून घेतली नव्हती. वलवण मागं पडलं. काचांवर धुकं दाटलं, आणि गाडीत चुलीच्या धुराचा, खोबरेलाचा वास आला.

टक्... टक्...

शिदूनं दांड्याकडं हात नेला. ऊब तिथंच होती, पण जागा आता खरखरीत लागली. ठिपके. डावीकडं कललेले. शिदू.

दोन वर्षांत म्हाताऱ्याला अशी कुणी हाक मारली नव्हती. तो अंगठा फिरवत राहिला, आणि फिरवता फिरवता अंगठा नावाच्या सुरुवातीला आला. नावाआधी, त्याच ओळीत, एक गुळगुळीत जागा मोकळी सोडलेली होती. एका अक्षराची आणि एका टिंबाची.

ती जागा कशाची, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

तो दांड्याला तोंड लावून पुटपुटला, “अगं... बारसं तेवढं हू दे. पोरीला वाटी द्यायचीय... मग तू म्हनशील तसं.”

टक्टक थांबली.

“आबा, कुनाशी बोलताय?” बजरंगनं विचारलं.

“घरच्यांशी.”

कार्ल्याच्या थांब्यावर दार उघडलं. शिदू उठायच्या आत दांड्याआडून एक बुटकी बाई निघाली. बजरंगनं वर न बघता, तिला वाट द्यावी तसा पाय आत घेतला. शिदू धडपडत तिच्या मागं उतरला.

“बायडा... ऐकलंस न्हवं?”

ती भाताच्या बांधावर क्षणभर थांबली. डाव्या हातात चिंधी गुंडाळलेली हातोडी होती. मग मागं वळून न बघता ती धुक्यात चालत गेली.