भिंतीला लागलेलं मलम

"पाठीला लावायचं मलम द्या. जेल नको, ते लगेच वाळतं."

दुपारची वेळ होती. मेडिकलमध्ये दुसरं गिऱ्हाईक नव्हतं आणि ती काउंटरमागे गोळ्यांच्या पट्ट्या लावत बसली होती. तिने मान वर केली. समोर एक उंच तरुण उभा होता. केसांत पांढरे शिंतोडे, डाव्या पापणीवरसुद्धा एक. पेंटर आहे हे त्याने सांगायची गरज नव्हती.

"कुठे दुखतं?"

"इथे..." त्याने हात खांद्यावरून मागे नेला, तो अर्ध्यात अडकला. मग कमरेकडून वर नेला, तोही अडकला. "या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. छतं रंगवून रंगवून झालंय. डॉक्टर म्हणाले, जुनं दुखणं आहे, सांभाळून राहा. व्यायाम सांगितलाय, तो करतो. आणि हे मलम."

तिने मलम काढलं. नेहमीच्या गोष्टी सांगितल्या – चोळायचं नाही, हलकं पसरवायचं. कातडी सोललेली असेल तर लावायचं नाही. वरून गरम पिशवी ठेवायची नाही. नंतर हात धुवायचे, तोच हात डोळ्याला लागला तर आग आग होते. आणि मग नेहमीचाच शेवटचा प्रश्न. पाठीचं मलम नेणाऱ्या प्रत्येकाला ती तो विचारायची.

"घरी लावून देणारं कुणी आहे?"

आज मात्र तो प्रश्न तोंडातून निघाला आणि तिचे कान गरम झाले.

"आहे की," पेंटर म्हणाला. "लांब दांड्याचा आहे. स्वभावाने शांत."

"म्हणजे?"

"रोलर हो. कोपऱ्यांसाठी छोटा मिळतो ना, तो. जेल त्याच्यावर बसत नाही. मलम बसतं."

ती इतकी मोठ्याने हसली की मागच्या खोलीतून मामा बाहेर आले. दुकान मामांचं. मामी गेल्यावर ते एकटे पडले, म्हणून ती त्यांच्याकडे राहायला आली होती आणि दुकान सांभाळत होती. मामांनी आधी भाचीकडे पाहिलं, मग त्या शिंतोड्यांकडे.

"काय हो पेंटर, हे दुकान रंगवायचं कधीपासून मनात आहे. जमेल?"

"जमेल की," तो म्हणाला. म्हणाला मामांना, पण पाहिलं तिच्याकडे.

*

रंगाचं काम सुरू झालं तशी सगळी औषधं मागच्या खोलीत गेली. विक्रीसुद्धा तिथल्याच दारातून चालली. पुढे उरल्या रिकाम्या फळ्या, शिडी, डबे आणि तो. ती उगाचच पुढे जाऊन यायची. कधी पाणी द्यायला, कधी बटण बंद आहे का बघायला.

"मॅडम, रंग कुठला आवडतो तुम्हाला?"

"मामांनी ठरवलाय."

"ते भिंतीचं झालं. मी तुमचं विचारलं."

"जो लवकर वाळेल तो."

"मग आपलं जमायचं नाही. मला सावकाश वाळणारे आवडतात."

"तुम्ही रोजावर काम करता वाटतं."

"छे, उक्तं घेतलंय. म्हणजे नुकसान माझंच... तरी सावकाश."

तिने तोंड फिरवलं, कारण हसू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस लागला. हवा ओलसर झाली आणि पहिला हात काही वाळेना. पेंटर शिडीच्या खालच्या पायरीवर बसून पाऊस बघत होता. ती चहा घेऊन आली. कप घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. दोघांनीही ते न कळल्यासारखं केलं... आणि दोघांनाही ते नीट कळलं.

"मॅडम, एक विचारू?" तो म्हणाला. "औषधं सगळी मागे गेली. भिंती खरवडल्या, फळ्या पुसल्या. मलमाचा वास मात्र अजून इथे येतोच आहे. तुम्ही आलात की येतो."

ती एक पाऊल मागे सरकली.

कॉलेजात असताना ती जिन्यावरून पडली होती. हाडं जुळली, दुखणं राहिलं. दोन खांद्यांच्या मध्ये, थोडं डावीकडे. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, कमी राहील, पण पूर्ण जाईलच असं नाही. रोज सकाळी ती फूटपट्टीला कापूस बांधायची, त्यावर मलम घ्यायची आणि आरशाकडे पाठ करून जमेल तेवढं लावायची. मलमाने दुखणं जात नसे. काही तास मागे सरकून बसे, एवढंच. तेवढ्यात दिवस निघे.

एकदा तिला बघायला लोक आले होते. सगळं पसंत पडलं. मग दुखण्याचं कळलं, आणि मुलाची आई जिना उतरताना म्हणाली, "मुलगी चांगली आहे हो, पण घरात रोज दवाखान्यासारखा वास...?" जिना उतरून झाल्यावर म्हणाली असती तर बरं झालं असतं. वरपर्यंत ऐकू आलं.

तेव्हापासून मेडिकल तिला सोयीचं झालं होतं. येणाऱ्याला वाटे, दुकानाचा वास आहे. आता दुकानच रिकामं झालं होतं.

"तुम्ही भिंतीकडे लक्ष द्या," ती म्हणाली. "माझ्याकडे नको."

बशी शिडीवर ठेवून ती आत गेली. दार लावल्याचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला.

*

पुढचा दिवस शेवटचा होता. ती सकाळपासून मागच्याच खोलीत बसून राहिली. आज संध्याकाळी शिडी उचलून तो जाईल. पुन्हा मलम लागलं तर दुसऱ्या मेडिकलमधून घेईल. बरंच आहे, तिने मनाला सांगितलं. मनाने ऐकलं नाही.

तेवढ्यात पुढून मामांचा आवाज आला.

"अहो पेंटर, हे काय झालंय? रंग धरतच नाही इथे! ओल आली की काय?"

तिला राहवलं नाही. ती पुढे आली. तिच्या खुर्चीच्या मागे, भिंतीवर हातभर रुंद एक डाग होता. तेलकट, चमकणारा. त्यावर रंगाचे नुसते थेंब थेंब झाले होते. पेंटर खाली मान घालून उभा होता. कान लाल.

ती भिंतीजवळ गेली, वाकली, वास घेतला. पुन्हा घेतला.

"मामा, ही ओल नाही," ती म्हणाली. "हे मलम आहे."

"भिंतीला?"

"काल मॅडम रागावून आत गेल्या..." पेंटर अडखळला. "म्हणजे काल माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. माझ्याकडे दोन छोटे रोलर आहेत. एक कोपऱ्यांचा, एक पाठीचा. दुखत होतं म्हणून पाठीचा सोबत आणला होता. काल दुपारी चुकून तोच घेतला आणि इथे फिरवत बसलो. बराच वेळ."

"मग भिंतीला आराम पडला का?" मामांनी विचारलं.

तिला हसू फुटलं. आवरता आवरेना. आणि हसता हसता पाठीत कळ आली, तशी तिने भिंतीला हात टेकला. या वेळी तिने चेहरा लपवला नाही.

मामांनी ते पाहिलं.

"चिमे, तुझी मामी होती तोवर मला माहीतच नव्हतं, पाठीवर अशी जागा असते म्हणून," ते म्हणाले. "जिथे आपला हात जात नाही. ती गेली, तेव्हा कळलं. सांगून टाक त्याला." आणि बाहेर पावसाची झड असूनही छत्री न घेता ते चहापत्ती आणायला गेले. घरात चहापत्ती भरपूर होती.

"वास माझाच आहे," ती म्हणाली. "पाठ दुखते माझी. कॉलेजपासून. जाणार नाही बहुतेक. रोज मलम लावते. तुमच्या नाकाला त्रास झाला असेल तर—"

"मी वासाचं विचारलंच नव्हतं," तो मध्येच म्हणाला.

"मग काय विचारलं होतं?"

"रोज मलमाचा वास येतो, म्हणजे रोज कुणीतरी लावून देत असणार, असं वाटलं. पाठीला असेल तर स्वतःला जमत नाही ना. कोण आहे ते विचारायचं होतं. नीट विचारता आलं नाही." त्याने रोलरचा दांडा या हातातून त्या हातात घेतला. "...घरी लावून देणारं कुणी आहे?"

तिचाच प्रश्न होता. काउंटरवरून तिने तो किती जणांना विचारला असेल. तिला मात्र आजवर कुणी विचारला नव्हता.

"फूटपट्टी आहे," ती म्हणाली.

"पोचते?"

"थोडी कमी पडते."

बाहेर पाऊस कमी झाला होता. पेंटरने रोलर डब्यावर आडवा ठेवला.

"माझ्याही पाठीची गॅरंटी नाही," तो म्हणाला. "एकमेकांचं बघू या? दुखणं जाऊ दे नाहीतर राहू दे. वासाचं म्हणाल, तर दोघांनाही सारखाच येईल. कुणाला कळणार?"

ती खाली बघत राहिली. मग वर बघितलं. त्याच्या पापणीवर आजही रंगाचा एक ठिपका होता.

"चोळायचं नाही. हलकं पसरवायचं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आणि आधी हात धुवायचे. रंग लागलाय त्यांना."

"आणि नंतर?"

"नंतरही. डोळ्याला लागेल तुझ्या."

*तुझ्या* म्हणून गेल्याचं तिच्या लक्षात आलं, तेव्हा त्याच्याही आलं होतं. तो मोरीशी गेला आणि साबण लावून, बोटांच्या सांध्यांतून, नखांच्या कडांतून, सावकाश हात धूत राहिला.

खुर्चीमागचा डाग घासून, पुसून त्याने पुन्हा रंगवला. तरी तेवढी जागा आजही जराशी वेगळी दिसते. मामा त्यावर दुसरा हात मारू देत नाहीत.