एका ओळीचं काम

तो लिफ्टमध्ये शिरला आणि मलाच विचारता झाला, "डेटाबेसवाली बाई कुठल्या मजल्यावर बसते हो? फार खडूस आहे म्हणतात."

"चौथ्या," मी म्हटलं. "आणि बरोबर म्हणतात."

चौथ्या मजल्यावर मी त्या बाईच्या खुर्चीत जाऊन बसले, तेव्हा त्याचा चेहरा असा काही झाला की… जाऊ दे. हसू दाबताना माझेच हाल झाले.

आमच्याकडे दातांच्या बऱ्याच दवाखान्यांचं काम आहे. कुणाची दाढ कधी काढायची, त्या सगळ्या तारखा माझ्या डेटाबेसमध्ये. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. शिस्त म्हणजे शिस्त! दवाखान्यांतून त्या तारखा पाठवणारा त्याचा प्रोग्राम दुसऱ्याच भाषेत लिहिलेला. तो आधी दिवस पाठवायचा, आणि माझा डेटाबेस त्या तारखेला दारातूनच परत पाठवायचा.

"एवढा एक फॉरमॅट चालवून घे ना," तो म्हणाला.

"आज तुझा, उद्या आणखी कुणाचा. ही काय धर्मशाळा आहे?"

म्हटलं खरं, पण दिला बसवून. पुढच्या आठवड्यात त्याला महिना अक्षरांत हवा झाला. मग वर्षाचे दोनच आकडे. दर वेळी तो माझ्या टेबलाला टेकून उभा राहायचा, माझ्या पेनाचं टोपण काढ-घाल करत… आणि मी सकाळपासून दाराकडे बघत बसायला लागले होते.

तेवढ्यात उपटली चष्मिष!

दुसऱ्या ऑफिसात बसून त्याच्याबरोबर तोच प्रोग्राम लिहिणारी. "चष्मिष म्हणाली…", "चष्मिष कसली हुशार आहे…" फोनवर तिच्याशी बोलताना नुसता खिदळायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला कधी हुशार म्हटलं होतं का? एवढे फॉरमॅट काय आपोआप चालायला लागले?

म्हणून "चष्मिषला महिना आधी हवाय" असं म्हणत तो आला, तेव्हा मी मानही वर केली नाही. "जमणार नाही."

"अगं, पण —"

"तिलाच सांग. हुशार आहे ना ती?"

तो थोडा वेळ टोपणाशी खेळला. "मग तारखांचा तो भाग तिच्या ऑफिसात बसूनच लिहावा लागेल. सोमवारपासून."

घ्या! म्हणजे मीच माझ्या हातानं त्याला तिच्या शेजारी नेऊन बसवलं.

शुक्रवारी चष्मिष स्वतःच आली. दिसायलाही छान निघाली, मेली.

"माझ्या महिन्यावर एवढा राग?" तिनं विचारलं.

"राग कसला? नियम आहेत."

"अगं, तारीख उलटसुलट करायला त्याच्या प्रोग्राममध्ये एक ओळ पुरते. मी पहिल्याच आठवड्यात लिहून दिली होती त्याला." तिनं उगाचच चष्मा पुसला. "मलाही वाटायचं, कधीतरी माझ्याकडे असा येऊन टेकेल… पण ओळ हातात असून तो तुझ्याकडेच येत राहिला. मग काय ते कळलं मला."

तिच्यावर जळायची इतकी सवय झाली होती, की तिच्याबद्दल वाईट वाटायला लागलं तेव्हा मी पार गोंधळून गेले.

संध्याकाळी तो सामान आवरत होता. मी तिचा फॉरमॅट चालू केला आणि त्याच्यापाशी गेले.

"झालं तुझं काम. आता कशीही तारीख पाठव."

"म्हणजे… मागायला काहीच उरलं नाही." चेहरा पडलेला.

"हे सगळं एका ओळीत होत होतं ना रे?"

त्याचे कान लालबुंद झाले. "तुला कुणी —"

"मला आवडतोस तू," मी बोलून टाकलं. "सोमवारी काही मागायचं नसलं, तरी ये."

त्यानं हळूच माझ्या हातातल्या पेनाचं टोपण काढून घेतलं. "येतो. रोज येतो. फक्त एकदा चष्मिषला —"

"आधी ते चष्मिष-चष्मिष बंद कर!"

"अगं, थँक्यू म्हणायचंय तिला."

"ते मी म्हणेन."